माणशी पाणी मोजणारा इंजिनिअर
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात कीर्तनाआधी केलेलं भाषण)

विणेकरी बुवा, चोपदार, टाळकरी मंडळी, तुळस डोक्यावर घेऊन चालणाऱ्या माझ्या मायमाउल्या आणि गावकरी हो,

शंभर वर्षांच्या या सोहळ्यात मला कोण्या तरी सज्जनाच्या आयुष्यावर बोलायला सांगितलं आहे. कीर्तनकार मंडळी संतचरित्र सांगतीलच. मी एका इंजिनिअरची आठवण काढणार आहे. कारखानदार, बायकामुलांचा संसारी माणूस. विलासराव साळुंखे त्यांचं नाव. 2002 साली ते गेले.

तुमच्यापैकी जे माऊलींच्या पालखीबरोबर आळंदीहून चालले, त्यांना दिवेघाट ठाऊक आहे. घाट चढला की सासवड, सोपानकाकांच्या समाधीचं गाव. तो पुरंदर तालुका. आपण जातो तेव्हा पावसाची झड असते, म्हणून रान हिरवं वाटतं. पण तालुक्याच्या पूर्वेकडचा भाग कमी पावसाचा. त्याच भागात नायगाव आहे आणि विलासरावांचं काम तिथं झालं.

त्यांचा कारखाना पुण्यात होता, अचूक मोजमापाची उपकरणं बनवणारा. केसाएवढा फरक पडला तरी माल परत येईल, असं ते काम. धंदा बरा चालला होता. तेवढ्यात 1972 चा दुष्काळ आला. आपल्या पुसदचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. सरकारनं दुष्काळी कामं काढली आणि शेतकरी, शेतमजूर, बायाबापड्या सगळे खडी फोडायला बसले. म्हाताऱ्या मंडळींना ती सुकडी अजून आठवत असेल. विलासराव पुरंदरात गेले, तर तिथंही हेच. वावराचा मालक दगड फोडून पोट भरतो आहे. खडी फोडून आजची भाकर मिळते, पण पुढच्या वर्षी पाऊस दडला तर पुन्हा हातात हातोडाच. मग हे हात पाणी अडवायला का लावू नयेत, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला.

त्यांनी नुसतं भाषण केलं नाही. नायगावच्या देवस्थानची 40 एकर पडीक जमीन भाडेपट्ट्यानं घेतली. 1974 मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान काढलं. उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर खोदली आणि तिचं पाणी पंपानं वर चढवून वावराला दिलं. जी जमीन कोणी फुकट करत नव्हतं, ती पिकू लागली. पुण्याचा कारखाना आणि नायगावचं रान, अशा वाऱ्या त्यांनी वर्षानुवर्षं केल्या. कल्पनाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, बरोबरीनं या कामात उतरल्या आणि विलासराव गेल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. घरच्या माणसाची साथ नसती तर हे निभलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. पाणी अडवणारे पुष्कळ झाले. आपल्याच सुधाकरराव नाईकांनी मुख्यमंत्री असताना जलसंधारणाचं वेगळं खातं काढलं. पण अडवलेलं पाणी वाटायचं कसं? तिथं भांडण लागते. ज्याचा पंप मोठा, त्याचं पाणी, हीच रीत सगळीकडं. विलासरावांनी ती मोडली. पाणी पंचायत म्हणतात ती हीच.

तिचे नियम साधे होते. एकट्यासाठी योजना नाही, गटासाठीच. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, एका घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ऊस किंवा बारमाही पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. खर्चाचा 20 टक्के वाटा शेतकऱ्यांनी स्वतः उचलायचा. आणि ज्याला जमीनच नाही, त्यालाही पाण्यात वाटा.

समजा, एका घरी 20 एकर वावर आणि माणसं 4. त्याला दोन एकराचं पाणी. दुसऱ्याकडं तीन एकर आणि माणसं 5. त्याला अडीच एकराचं. तिसरा भूमिहीन, घरात 5 खाणारे. त्यालाही अडीच एकराचं. तो दुसऱ्याचं वावर बटाईनं करू शकतो, कारण आता त्याच्या हाती पाणी आहे.

मंडळी, आपल्याला हा हिशेब नवा नाही. दिंडीची पंगत बसते तेव्हा वाढपी कोणाचा सातबारा विचारतो काय? पान पाहतो आणि वाढतो.

सगळं गोडच झालं असं मी सांगणार नाही. पाणी पंचायतीच्या साऱ्याच योजना पुढं टिकल्या नाहीत. विजेचं बिल, पंपाची दुरुस्ती, सामायिक हिशेब, हे रोजचं काम आहे. शेजारच्या शिवारात उसाचा पैसा दिसला की मन चळते. पण कोरडवाहू गावातला गरीब माणूस पाण्याचा हक्कदार होऊ शकतो, हे विलासरावांनी करून दाखवलं. ते कोणाला पुसता येत नाही.

आपल्या यवतमाळात पुरंदरच्या त्या पट्ट्यापेक्षा पाऊस कितीतरी जास्त. तरी 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा, चापडोह आटले आणि शहरातली माणसं भांडी घेऊन टँकरची वाट पाहत होती. गावात तर एकानं दोनशे फूट बोअर घेतली की धुऱ्यापलीकडचा तीनशे घेतो. दोघांवर कर्ज होते आणि तिसऱ्याची विहीर कोरडी पडते. कपाशीला एक ओलित मिळालं असतं तर पीक हाती आलं असतं, असं हळहळणारं घर प्रत्येक गावात आहे. त्या हळहळीचा शेवट कुठं होतो, हे या जिल्ह्याला सांगायला नको.

मोठ्या वावरवाल्यांना वाटेल, बुवा आमची विहीर मागतात. तसं नाही. ज्याची विहीर त्याची राहू द्या. पण गावानं मिळून जे पाणी अडवलं, गाळ काढलेल्या तलावाचं, नाल्यावरच्या बंधाऱ्याचं, ते तरी माणशी वाटून पाहू. शंभराव्या वर्षाची आठवण म्हणून आपण कमान बांधणार आहोत. बांधा, माझी ना नाही. त्याच बैठकीत एका बंधाऱ्याच्या पाण्याची यादीही करा. घर किती, माणसं किती, पाणी किती. यादीत सगळ्यात वर भूमिहीनाचं नाव लिहा. पुढच्या आषाढीला निघण्याआधी ती यादी इथं, पांडुरंगासमोर वाचून दाखवू.

इतकं बोलून थांबतो.

राम कृष्ण हरी.