हिऱ्याचं पाणी

कवी हिऱ्यावर बोलणार म्हटल्यावर आता प्रेयसीचे डोळे, दवाचे थेंब वगैरे ऐकावं लागणार, अशी धास्ती काही श्रोत्यांनी घेतली असेल. काळजी नसावी. मला बोलायचंय ते सराफाच्या काउंटरवरच्या हिऱ्याबद्दल. सोनं घेताना आपण भाव विचारतो, काट्याकडे बारीक लक्ष ठेवतो, घट किती धरणार म्हणून हुज्जत घालतो. हिरा समोर आला की मात्र गप्प होतो. समोरचा सांगेल ती प्रत आणि तो सांगेल ती किंमत.

माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा, निकाह १९८९ साली झाला. निकाहात नवऱ्यानं बायकोला मेहेर द्यायचं असतं. ते सर्वस्वी तिच्या मालकीचं. अडीअडचणीला तिच्या हाताशी काही असावं, हा त्यामागचा हेतू. आपाच्या मेहेरमध्ये थोडी रोकड होती आणि उरलेल्या रकमेपोटी हिऱ्याची एक अंगठी धरली होती. तिच्या सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं घेतलेली. बायकांमधून ती हातोहात फिरली, ट्यूबलाइटखाली चमकली, सगळ्यांनी माशाअल्ला म्हटलं. दुकानाची पावती अब्बांनी जपून ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'हिरा अंगठी, १ नग, ४ ग्रॅम ८०० मिली'. खाली रक्कम. एवढंच.

२००६ मध्ये मेहुण्यांचं आजारपण निघालं आणि पैशांची निकड लागली. आपा अंगठी घेऊन त्याच दुकानात गेली. मी बरोबर होतो. गादीवर आता मालकाचा मुलगा बसत होता. त्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाला, "हिरा खरा आहे. पण आम्ही हिरा परत घेत नाही. सोन्याचे काय होतील ते देतो." सराफ कट्ट्यावरची आणखी दोन दुकानं फिरलो. तिसऱ्यानं हिऱ्याचे म्हणून जो आकडा सांगितला, तो ऐकून आपानं काही न बोलता अंगठी परत बोटात घातली. शेवटी दोन पाटल्या मोडल्या. त्या दिवसाचा भाव, वजा घट, रोख हातात. वीस मिनिटांचं काम.

फसवलं म्हणावं, तर हिरा खोटा नव्हता. मग पैसे गेले कुठे? याचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळालं. मुलीचं लग्न ठरलं, तिच्या अंगठीचा विषय निघाला, तेव्हा मी आपाची अंगठी घेऊन मुंबईत एका मित्राकडे गेलो. आमची ओळख मुशायऱ्यातली, पण पोटापाण्यासाठी तो हिऱ्यांची दलाली करतो. पूर्वी ऑपेरा हाउसला पंचरत्न इमारतीच्या आसपास तो भेटायचा. २०१० साली भारत डायमंड बोर्स सुरू झाल्यापासून त्याचा मुक्काम वांद्रे-कुर्ला संकुलात.

त्यानं पहिली गोष्ट केली ती ही, की टेबलावरचा दिवा मालवून अंगठी खिडकीपाशी नेली. म्हणाला, "दुकानातले दिवे हिऱ्यासाठीच लावलेले असतात. त्यांच्याखाली काचसुद्धा नाचते." मग कोंदणातून खडा काढला आणि दुमडलेल्या पांढऱ्या कागदावर पालथा ठेवला. इतकी वर्षं लखलखीत वाटलेला तो खडा कागदावर चहाच्या पुसट डागासारखा दिसला.

रंगाची पट्टी इंग्रजी 'डी'पासून 'झेड'पर्यंत असते. 'डी' म्हणजे बिनरंगी, पुढे पिवळेपणा वाढत जातो. 'ए', 'बी', 'सी' का नाहीत, तर व्यापाऱ्यांनी ती अक्षरं आधीच मनाला येईल तशी वापरून बदनाम केली होती. म्हणून अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेनं १९५३ मध्ये नवी पट्टी आखताना ती टाळली. मित्रानं आपाचा हिरा 'एन'च्या आसपास लावला. दुकानदार आपल्याला 'डी', 'ई', 'एफ'चा आग्रह करतात, पण पिवळ्या सोन्याच्या कोंदणात 'एच' काय नि 'आय' काय, तुमच्या-माझ्या डोळ्याला पांढराच दिसतो. किंमत मात्र दर अक्षराला बदलते. निर्मळपणाचंही तसंच. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून दिसणाऱ्या डागांवरून, तड्यांवरून 'व्हीव्हीएस', 'व्हीएस', 'एसआय' अशा पायऱ्या ठरतात. नुसत्या डोळ्याला काही दिसत नसेल, तर भिंगातल्या ठिपक्यासाठी किती जादा पैसे मोजायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

खरा घोळ वजनात होता. इथं आपल्या भाषेनंही थोडी पंचाईत करून ठेवली आहे. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, चोवीस भागांत किती सोनं ते. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन, ०.२ ग्रॅम, आणि त्याचे १०० सेंट. दोन्हींना आपण कॅरेटच म्हणतो. आपाचा हिरा ६२ सेंट भरला. मित्रानं त्याची रुंदी मोजली आणि हसला. इतक्या वजनाचा गोल हिरा वरून साधारण साडेपाच मिलिमीटर दिसायला हवा. हा पाचही भरेना. उरलेलं वजन खाली तळात दडलेलं. म्हणजे आपाच्या सासऱ्यांनी पैसे मोजले ते कोंदणात लपलेल्या, कोणालाही न दिसणाऱ्या हिऱ्याचे.

आणि तळ असा जाड राहिला की हिऱ्याचं पाणी जातं. वरून आत शिरलेला उजेड तळाच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर आपल्या डोळ्यात यायला हवा. तळ फार खोल किंवा फार उथळ असला तर तो बाजूनं, खालून निसटतो. कोणता कोन साधला की जास्तीत जास्त उजेड परत येईल, याचं गणित मार्सेल टोल्कोव्स्की यानं १९१९ मध्ये पुस्तकात मांडलं. आजचा ५७-५८ पैलूंचा गोल हिरा त्याच वाटेनं आलेला आहे. पैलू हा आपला शब्द मूळचा फारसी 'पहलू'. आणि आपण हिऱ्याला पाणीदार म्हणतो, तसं उर्दूत त्याच तेजाला 'आब' म्हणतात. आब म्हणजेही पाणीच. त्याच आबमधून आबरू आली. असो, कवीपणा करणार नाही असं कबूल केलं होतं.

आपल्याकडच्या जुन्या कारागिरांचा कल वजन राखण्याकडे असे. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून सांगितला जाणारा नासक हिरा १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली तेव्हा, इंग्रजांच्या हाती पडला. तो सुमारे नव्वद कॅरेटचा होता. लंडनमध्ये त्याला नव्यानं पैलू पाडले. पुढे १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी पुन्हा कापला, तेव्हा उरला ४३.३८ कॅरेट. कोहिनूरची तीच कथा. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो बघायला लोकांनी गर्दी केली आणि हा मुळी चमकतच नाही म्हणून तोंडं वाकडी केली. पुढच्या वर्षी तो कापला, १९१ कॅरेटचा १०५.६ राहिला. आपला वारसा छाटला म्हणून हळहळ वाटते खरी. पण चमकेसाठी जाणकार अर्धा हिरा घालवायला तयार होतात, हेही त्यातून कळतं. आपण दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो मात्र, किती कॅरेट?

म्हणून प्रमाणपत्र मागा आणि त्यातली 'कट'ची ओळ आधी वाचा. जीआयएनं गोल हिऱ्यांना ही प्रत द्यायला २००६ मध्ये सुरुवात केली. मोठ्या हिऱ्याच्या कडेवर बहुधा लेसरनं नंबर कोरलेला असतो. भिंग मागून तो कागदावरच्या नंबराशी ताडून बघा. बारीक बारीक खडे असतील तर प्रत्येकाचं वेगळं प्रमाणपत्र नसतं, एकत्र वजन आणि एकत्र प्रत लिहितात. अशा खड्यांचं मिळून अर्धा कॅरेट आणि एकाच हिऱ्याचं अर्धा कॅरेट यांच्या किमतीत मोठा फरक असतो, तो विसरू नका. हॉलमार्क बघा, पण तो सोन्याचा आहे, हिऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही. घरगुती परीक्षांच्या नादी लागू नका. काचेवर ओरखडा इतर खडेही पाडतात. तुकोबांनी ऐरणीवरच्या हिऱ्याची उपमा दिली आहे, तीही दुकानात वापरायची नाही. हिरा कठीण खरा, पण घाव नेमका बसला तर सरळ दुभंगतो.

माझ्या मुलीनं यात आणखी एक फाटा काढला. तिला प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हवा होता. मी म्हटलं, म्हणजे अमेरिकन डायमंड ना? ती वैतागली. अमेरिकन डायमंड हा हिराच नव्हे, तो झिर्कोनिया. आणि अमेरिकनही नव्हे, त्याच्या उत्पादनाची रीत सत्तरच्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी बसवली. प्रयोगशाळेतला हिरा मात्र खाणीतल्यासारखाच शुद्ध कार्बन. यंत्रात काही आठवड्यांत तयार होतो, आपल्या सुरतेतही होतो. सराफाचं साधं टेस्टर दोघांनाही हिराच म्हणतं, फरक कळायला प्रयोगशाळेतली यंत्रं लागतात. म्हणून तो कुठला, हे बिलावर लिहून घ्यायलाच हवं. त्याचे भाव गेल्या काही वर्षांत भराभर उतरले. डी बिअर्स कंपनीनं अशा हिऱ्यांच्या दागिन्यांचा आपला 'लाइटबॉक्स' हा ब्रँड बंद करत असल्याचं २०२५ मध्ये जाहीर केलं.

म्हणजे पुढेमागे विकायची वेळ आली तर त्याचे फारसे पैसे येणार नाहीत. खाणीतल्या हिऱ्याचे तरी दुकानातल्या किमतीइतके कुठे येतात? मी व्याह्यांशी बोललो. हा विषय काढायला जीभ जड झाली, पण आपाच्या पाटल्या डोळ्यांपुढे होत्या. मेहेर पूर्ण रोख आणि सोन्यात ठरलं. अंगठी मेहेरबाहेर, मुलीच्या आवडीची, प्रयोगशाळेतल्या हिऱ्याची. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं वजन वेगळं, रंग, निर्मळपणा, कट, प्रमाणपत्राचा नंबर आणि परत घेण्याची अट, सगळं लिहून घेतलं. रोख परत आणि बदलून दुसरा दागिना, या दोन अटी वेगळ्या असतात. बिल करणारा पोरगा कंटाळला. कंटाळू दे.

आपाच्या अंगठीचं म्हणाल, तर मित्र म्हणाला, "पुन्हा कापून घेतला तर चाळीस-बेचाळीस सेंट राहील, पण बोटात उठून दिसेल." मी तिथूनच आपाला फोन लावला. तिनं आधी मजुरी विचारली. मग विचारलं, "वीस सेंट जातील ते कुठे जातील?" मी म्हटलं, त्याचा भुगा होतो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "घेऊन ये परत. लग्नात अशीच घालते."