आधी गोळी कोणी झाडली?

हेडफोन लावलेत? बसमध्ये असाल तर खिडकीची जागा पकडा, कारण आजची गोष्ट माळ्यावरून सुरू होते आणि लांबच्या आकाशगंगेत जाते. (भाग ऐकायला वेळ नसेल, त्यांच्यासाठी हा त्याचा मजकूर. बोलल्यासारखाच ठेवलाय, थोडीफार काटछाट केलीये.)

विषय आहे स्टार वॉर्सचे पहिले तीन सिनेमे घरी जमवणं. म्हणजे १९७७ चा 'स्टार वॉर्स', १९८० चा 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आणि १९८३ चा 'रिटर्न ऑफ द जेडाय'. तुम्ही म्हणाल, जमवायचं काय त्यात? ॲप उघडायचं, बघायचं. मलाही असंच वाटायचं. पण मग मी माझ्याच बाबांना खोटं पाडलं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

१९९५ ची दिवाळी. मी सात वर्षांचा. न्यू जर्सीचे काका सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी आले आणि बाबांसाठी तीन व्हिडिओ कॅसेट घेऊन आले. कॅसेट म्हणजे प्लॅस्टिकचा डबा, आत चुंबकीय टेप. लहान वीट म्हणा. त्या वर्षी अमेरिकेत ही तिन्ही सिनेमांची कॅसेट 'मूळ रूपात शेवटची संधी' अशी जाहिरात करून विकली होती. तेव्हा आम्हाला वाटलं, दुकानदार 'शेवटचे दोन दिवस' म्हणतात तसलंच काहीतरी असेल.

संध्याकाळी अख्खा वाडा आमच्या घरात. बाबांनी कॅसेट लावली आणि पडद्यावर आलं काळंपांढरं चित्र, तेही सतत वरून खाली घरंगळणारं! कारण अमेरिकेची पद्धत एनटीएससी, आपली पॅल. त्यांच्याकडे सेकंदाला साधारण ३० चित्रं, आपल्याकडे २५. रेषांची संख्याही वेगळी. आमच्या टीव्हीला ती भाषाच कळत नव्हती. (जाता जाता एक गंमत. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, पॅलमध्ये तो २५ ने पळवतात. त्यामुळे १२१ मिनिटांचा 'स्टार वॉर्स' आपल्याकडच्या डीव्हीडीवर जवळपास पाच मिनिटं लवकर संपतो!)

शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मदत केली. त्यांच्या भावाने दुबईहून आणलेला मल्टिसिस्टीम व्हीसीआर होता, त्याला दोन्ही भाषा यायच्या. मी अर्ध्यात झोपलो. बाबांनी मात्र तीन रात्रींत तिन्ही बघितले. नंतर कॅसेट माळ्यावर गेल्या.

आता २००७. मी इंजिनिअरिंगला. पॉकेटमनी साठवून २००४ साली आलेला डीव्हीडीचा चंदेरी संच घेतला आणि ऐटीत बाबांना समोर बसवलं. तो दारूच्या गुत्त्यातला प्रसंग आला. हान सोलो टेबलावर बसलाय, समोर ग्रीडो नावाचा हिरवा सुपारीबाज. धूर होतो, ग्रीडो मरतो.

बाबा म्हणाले, "थांब. मागे घे. हे असं नव्हतं. आधी हान गोळी मारतो. तो दुसरा मारतच नाही."

मी मागे घेतलं. पडद्यावर ग्रीडोही गोळी झाडतो, अगदी स्पष्ट. मी हसून म्हणालो, "बाबा, तुम्हाला नीट आठवत नाहीये."

ते पुन्हा काही बोलले नाहीत. सिनेमा संपल्यावर फक्त म्हणाले, "असेल. वय झालं."

तेव्हा बाबा पन्नाशीत होते. वय कसलं झालंय!

काही महिन्यांनी इंटरनेटवर वाचलं आणि मला घाम फुटला. १९९७ मध्ये दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी तिन्ही सिनेमे बदलून पुन्हा आणले होते. नवे प्राणी घातले, जुने प्रसंग पुसले, आणि ग्रीडोच्या हातून आधी गोळी झाडून घेतली. २००४ मध्ये आणखी बदल, २०११ च्या ब्लू-रेमध्ये आणखी, २०१९ मध्ये स्ट्रीमिंगवर येताना त्याच प्रसंगात परत एक शब्द. १९७७ च्या मूळ सिनेमात हान एकटाच गोळी मारतो. म्हणजे बाबांना सगळं नीट आठवत होतं. चूक माझ्या हातातल्या नव्या कोऱ्या डीव्हीडीची होती.

गंमत बघा. १९८८ मध्ये याच लुकास यांनी अमेरिकन संसदेसमोर साक्ष दिली होती. जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमांना इतर लोक रंग फासत होते, त्याविरुद्ध. पैशासाठी किंवा सत्ता दाखवायला कलाकृती बदलणारे लोक रानटी असतात, असा त्यांचा सूर होता. आता कुणी म्हणेल, त्यांचा सिनेमा, त्यांनी बदलला, आपण कोण? खरंय. त्यांनी दहा वेळा बदलावा. पण जुना बघायचाच नाही, हे कसं चालेल? तो लाखो लोकांनी बघितलाय, तो त्यांच्याही आठवणीत आहे.

मी धावत माळ्यावर गेलो. कॅसेट उघडली तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी. पुण्याचे बारा पावसाळे! आणि मी शहाण्याने तशीच व्हीसीआरमध्ये घातली. टेप अडकली, हेड खराब झालं, चित्राऐवजी मुंग्या. बाबांचा पुरावा मी स्वतःच्या हाताने फाडला.

मग शोध सुरू. किती रविवार मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात घालवले! तिथे नटबोल्ट, पितळी दिवे, मिक्सरची भांडी आणि मध्येच व्हीसीडींचा ढीग. मला हवी होती ती एकच गोष्ट. २००६ मध्ये थोड्या काळापुरता एक डीव्हीडी संच आला होता, त्यात दुसऱ्या डिस्कवर 'बोनस' म्हणून मूळ सिनेमा दिला होता. तोही नव्याने साफ केलेला नाही, १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या मास्टरवरून घेतलेला. ज्या सिनेमासाठी आपण आलो, तोच बोनस!

जुन्या बाजारात तो मिळाला नाही. मिळाला परत काकांनाच, न्यू जर्सीतल्या सेकंडहँड दुकानात. पार्सल आलं, प्लेअरमध्ये घातलं, आणि पाटी आली: चुकीचा विभाग. डीव्हीडीवाल्यांनी जग विभागलंय. अमेरिका १, भारत ५. म्हणजे १९९५ चंच दुखणं परत!

मग लॅपटॉप. त्याच्या ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा जे ठेवाल ते कायमचं. पाचपैकी एक संधी मी बाबांसाठी वापरली. चित्र जरा धूसर, चारही बाजूंनी काळी चौकट. गुत्ता आला. हान बोलतोय, बोलतोय, टेबलाखालून एकच गोळी. बस्स.

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ." मी म्हणालो, "चुकलो बाबा." ते म्हणाले, "चल, चहा टाक." आमच्या घरात माफी अशीच मिळते.

आता तुम्हाला वाटेल, हे अमेरिकेचं झालं, आपलं काय? तर लॉ कॉलेज रोडला जा. तिथे १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर या माणसाने अख्खं आयुष्य तिथे देशभरातली रिळं जमवण्यात घातलं. मिळेल ते, मिळेल तिथून. तरीही १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, कुणाकडेच उरला नाही. आणि २००३ च्या जानेवारीत इथे पुण्यातच आग लागून नायट्रेटची कितीतरी जुनी रिळं गेली. प्रत उरली तर सिनेमा उरतो, नाहीतर फक्त पोस्टर आणि आजोबांच्या गप्पा. २०२५ च्या जूनमध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ची मूळ प्रिंट पडद्यावर दाखवली. का दाखवता आली? कुणीतरी ती इतकी वर्षं थंड कोठारात सांभाळली म्हणून.

तर मंडळी, तीन साध्या गोष्टी. एक, डिस्क घेताना पाठीमागची बारीक अक्षरं वाचा: साल, विभाग, पॅल की एनटीएससी. डिस्क उजेडाकडे धरा, टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर घेऊ नका. दोन, कॅसेट पुस्तकासारखी उभी ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि बुरशी दिसली तर माझ्यासारखं करू नका, आधी जाणकाराला दाखवा. तीन, घरच्या लग्नाच्या, मुंजीच्या कॅसेट असतील तर आधी त्यांची डिजिटल प्रत करून घ्या. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी २०१६ मध्ये थांबली. स्टार वॉर्स कुणीतरी कुठेतरी जपेल. तुमच्या आजीच्या मंगळागौरीची कॅसेट तुमच्याशिवाय कोण जपणार?

आणि घरातलं मोठं माणूस म्हणालं, "हे असं नव्हतं," तर हसण्याआधी एकदा माळा बघा.

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्या माळ्यावर काय सापडलं, ते व्हॉइस नोटमध्ये कळवा. बाबापण ऐकणार आहेत!