दीड पानाचा रिपोर्ट
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. कविता करतो म्हणून तुम्ही बोलावलंत, पण आज कविता नाही. आज पगारावर बोलणार, आणि तेही आपल्या नाही, साहेबाच्या. प्रोबेशन ऑफिसरच्या. हसू नका.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं एक पोर पोलिसांनी उचललं. वय १६. तांब्याची वायर चोरल्याचा आळ. २०१५ चा बाल न्याय कायदा म्हणतो, प्रोबेशन ऑफिसरनं दोन आठवड्यांत पोराचा सामाजिक तपासणी अहवाल बोर्डापुढं ठेवावा. घर कसं, शाळा का सुटली, पोर असं का वागलं, सगळं त्यात यावं. साहेब आले संध्याकाळी, घामाघूम. आई धुण्याभांड्याला गेलेली. साहेब थांबले नाहीत. नाक्यावरच्या चहावाल्याला विचारलं, दोन शेजाऱ्यांना विचारलं, गेले. रिपोर्ट दीड पानाचा. पुढं वकिलानं आईला वाचून दाखवला : ‘वस्तीचे वातावरण अनिष्ट. पालकांचे नियंत्रण नाही.’ पोर सात आठवडे निरीक्षणगृहात.

मी पेटलो. तोंडात शिव्या घेऊन त्यांच्या ऑफिसात गेलो. दुपारचे चार वाजलेले आणि साहेब तेव्हा कुठं डबा उघडत होते. टेबलावर, खुर्चीवर, खाली फरशीवर फायली. म्हणाले, ‘बस. शिव्या नंतर दे.’ मग बोलले. माणूस कंत्राटी, माझ्यासारखाच. दोन महिन्यांचा पगार अडकलेला. गृहभेटीचं बसभाडं आधी खिशातून.

नंतर मी कागद धुंडाळले. २०२२ च्या मिशन वात्सल्यच्या सूचनांत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कायदा-नि-परिविक्षा अधिकारी किती? एक. जिल्ह्याला एक! मानधन महिना २७,८०४ रुपये, एकत्रित. कोर्टाचं काम तोच बघणार, घरंही तोच हिंडणार. गोदीत दोघांची गोणी एकाच्या पाठीवर टाकली तर टोळी काम बंद पाडते. इथं टोळीच नाही.

मोठ्या माणसांसाठीचा कायदा १९५८ चा. कलम ६ सांगतं, २१ वर्षांखालच्याला जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात तुरुंगात धाडण्याआधी कोर्टानं प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल मागवावा. कलम १४ तर सांगतं, सुटलेल्याला सल्ला दे, गरज पडली तर कामधंदा शोधायचा प्रयत्न कर. वाचून मला हसू आलं. ज्याचं स्वतःचं काम कंत्राटावर, तो दुसऱ्याला काम शोधून देणार!

हे काम सुरू केलं कुणी, ठाऊक आहे? १८४१ साली अमेरिकेत, बोस्टनला, जॉन ऑगस्टस नावाच्या बूट बनवणाऱ्यानं. (आपल्या अर्थानं जात नव्हती त्याला, पण धंदा चामड्याचाच.) कोर्टात एका दारुड्याचा जामीन राहिला. तीन आठवड्यांनी माणूस शुद्धीवर, टापटीप परत आला. न्यायाधीशानं दंड केला एक सेंट. १८५९ त मरेपर्यंत त्यानं शेकडो लोकांना असं सोडवलं. कोर्टाकडून दमडी नाही. पगारी अधिकारी नेमायचा कायदा तिकडं झाला १८७८ त. म्हणजे या कामाचा जन्मच फुकटातला. आमच्या सरकारला तेवढंच बरं आठवतं.

आता कुणी म्हणेल, पगार वाढला की साहेबाच्या डोळ्यातली जात जाईल का? नाही जाणार. ‘अनिष्ट वातावरण’ हे दोन शब्द थकव्यातून आलेले नाहीत. ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते गप्प झाले. पण आज त्यांना जाब विचारला की ते फायलींकडं बोट दाखवतात, आणि बोट खरं असतं. ते बोट दाखवायची सोयच काढून घ्यायची आहे मला. माणसं वाढवा, कायम करा, पगार वेळेवर द्या, एकाकडं किती फायली याला हद्द घाला. मग आईची वाट न बघता लिहिलेला रिपोर्ट आला, तर आपण त्याला सोडणार नाही.

तुरुंगात आपली माणसं लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त आहेत. दीड पान कुणावर लिहिलं जातं, हे वेगळं सांगायला नको.

बुधवारी ही कंत्राटी मंडळी आझाद मैदानात बसणार आहेत. मी रात्रपाळी करून तिकडंच येतो. पोराची आईपण येते म्हणाली, एका घरचं काम बुडवून. तिला साहेबांना विचारायचंय, त्या दिवशी अर्धा तास थांबला असतात तर चहा घेतला असता का.