कोंबडीचें उड्डाण आणि शेजारधर्म

गोंदिया जिल्ह्याचें नांव निघालें कीं पक्षिप्रेमी माणसाच्या डोळ्यांपुढें सारसांची जोडी उभी राहते. धानाच्या बांध्यांतून संथपणें चालणाऱ्या त्या उंच, राखी रंगाच्या पक्ष्यांविषयीं बोलणारे पुष्कळ आहेत. मला आज ज्या पक्ष्याविषयीं बोलावयाचें आहे, त्याची कीर्ति कोणी गात नाहीं. तो आपल्या परसांत राहतो, आपल्या घरचा कोंडा खातो, आणि संधि मिळतांच शेजाऱ्याच्या वाडींत उतरून मेथीचा वाफा उकरून ठेवतो. हा पक्षी म्हणजे आपली घरची कोंबडी.

तुम्ही म्हणाल, कोंबडीनें कुंपण ओलांडलें, हा काय भाषणाचा विषय झाला! पण ज्या दोन घरांत बोलणेंचालणें बंद पडलें आहे, तेथें जाऊन मूळ कारणाची चौकशी करून पहा. कित्येकदां तें एखाद्या वांग्याच्या रोपापाशीं येऊन थांबतें. कायद्यानेंही या तंट्यांत फारसें लक्ष घातलें नाहीं. गुराढोरांच्या अतिक्रमणासंबंधीं १८७१ सालीं जो कायदा झाला, त्याच्या व्याख्येंत हत्ती, उंट आणि घोडे यांच्यापासून डुकरें, मेंढ्या व शेळ्या यांच्यापर्यंत सर्वांचीं नांवें आलीं. कोंबडीचें मात्र राहिलें. चुकार बैलासाठीं कोंडवाडा झाला, चुकार कोंबडीचा निकाल शेजारधर्मावर सोपवला गेला.

हा निकाल लावण्यापूर्वीं कोंबडी उडते कां, हें समजून घेतलें पाहिजे. तिचा मूळ पुरुष म्हणजे तांबडा रानकोंबडा. तो दिवसा जमिनीवर चरतो. परंतु संकट दिसतांच उसळी मारून वर उडतो आणि रात्र झाडाच्या फांदीवर काढतो. असा हा रानचा पक्षी माणसाच्या अंगणांत आला कसा? २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, थायलंडमधील बान नोन वाट येथें सांपडलेल्या अस्थि या पाळीव कोंबडीच्या सर्वांत जुन्या भरंवशाच्या खुणा ठरल्या. त्यांचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें १६५० ते १२५० असा आहे. भातासारख्या कोरडवाहू धान्यशेतीनेंच या पक्ष्याला झाडावरून खालीं, मनुष्यवस्तीजवळ आणलें, असें त्या संशोधकांचें म्हणणें आहे. धान पिकवणाऱ्या गोंदियाच्या माणसाला ही गोष्ट सहज पटेल. खळ्यांत सांडलेल्या दाण्यासाठीं कोंबडी आपल्याकडे आली. पण येतांना ती पंख टाकून आली नाहीं.

अर्थात् सर्वच कोंबड्या सारख्या उडत नाहींत. पंख तेच, पण अंगाचें वजन वाढलें कीं उड्डाण खुंटतें. बंगलोरची गिरिराज किंवा हैदराबादची वनराज यांसारख्या अंगानें भरलेल्या जातींना तीनचार फुटांचें कुंपणही बहुधा पुरतें. उलट आपली सडपातळ गावरान कोंबडी पांच फुटांची भिंत सहज चढते. तेव्हां बाग आणि कोंबडी हीं दोन्ही हवीं असतील, तर पक्षी विकत घेतांनाच त्याचें वजन पहावें.

आतां उपायांकडे वळूं. बहुतेक लोक प्रथम कात्री शोधतात. माझ्या मतें कात्रीचा क्रम शेवटचा आहे. कोंबडी उगाच उडत नाहीं. आवारांत हिरवा पाला उरला नाहीं, म्हणून ती पलीकडचा पाला पाहते. अंडें घालण्यास आडोशाची, अंधारी जागा नसली, कीं ती अशी जागा शोधण्यास बाहेर पडते. एखादा दांडगा कोंबडा किंवा वरचढ कोंबडी टोचून हैराण करीत असेल, तर दुबळी कोंबडी जीव घेऊन पळते. आणि दिवस मावळूं लागला, कीं उंच जागीं बसण्याची तिची पुरातन इच्छा जागी होते. म्हणून खुराड्यांत दोनतीन फूट उंचीवर एक आडवा दांडा बसवावा, कोपऱ्यांत गवत घातलेली टोपली ठेवावी, धुळींत लोळण्यास थोडी कोरडी माती द्यावी, आणि दाणा नेहमीं संध्याकाळीं, खुराड्याजवळच टाकावा. नवी आणलेली कोंबडी पहिले आठदहा दिवस कोंडूनच ठेवावी, म्हणजे घर कोणतें हें तिच्या मनांत ठसतें. एवढ्यानें निम्मा प्रश्न सुटतो.

उरलेला निम्मा कुंपणाचा. येथें एक गमतीची गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कोंबडी कुंपण एका झेपेंत क्वचितच ओलांडते. ती प्रथम त्याच्या माथ्यावर बसते, पलीकडे पाहते, आणि मग खालीं उतरते. म्हणून माथ्यावर लाकडी पट्टी किंवा रुंद भिंत असेल, तर आपणच तिला पायरी करून दिल्यासारखें होतें. कुंपण सहा फूट उंच करावें आणि वरचा फूटभर भाग लवचिक जाळीचा, न ताणलेला ठेवावा. जेथें पाय टेकत नाहीं, तेथें ती सहसा झेप घेत नाहीं. कुंपणाला लागून सरपणाचा ढीग, उभी बैलगाडी किंवा ओणवी फांदी असूं देऊं नये. आपल्या जिल्ह्यांत बांबूची वाण नाहीं, आणि तलावांचा हा मुलूख असल्यामुळें मासे धरण्याचें जुनें जाळेंही मिळण्यासारखें असतें. बांबूच्या खांबांवर तसें जाळें वरून पसरलें, तर लहान आवाराचा प्रश्न अल्प खर्चांत मिटतो.

हें सारें करूनही एखादी कोंबडी ऐकत नसेल, तर मात्र पंख कातरावा. पंखाच्या टोकाकडे दहा लांब पिसें असतात; उड्डाणाचा जोर त्यांवर असतो. एकाच बाजूचीं हीं पिसें, वरच्या आखूड पिसांच्या कडेपर्यंत, कापावीं. दोन्ही पंख कातरले तर तोल कायम राहतो आणि हलकी कोंबडी तरीही चढते. एकच कातरला म्हणजे ती एका बाजूस कलते आणि प्रयत्न सोडते. पूर्ण वाढलेलें पीस कापण्यांत नख कापण्याहून अधिक वेदना नाहीं. पण ज्या पिसाची नळी बुडाशीं काळसर दिसते, त्यांत रक्त खेळत असतें. त्यास हात लावूं नये. वर्षांतून एकदां पिसें झडून नवीं येतात, आणि काम पुन्हां करावें लागतें.

येथेंच मला एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. गोंदिया शहरांत, चारी बाजूंनीं घरें असतांना, पंख कातरणें निराळें. आणि नागझिरा किंवा नवेगांवच्या जंगलाला लागून असलेल्या गांवांत तें करणें निराळें. १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांतील तीं अरण्यें २०१३ सालीं व्याघ्रप्रकल्प झालीं. तेथें कोंबडीचे शत्रु रानमांजर, मुंगूस आणि कोल्हा हे आहेत, आणि त्यांच्यापुढें तिच्याजवळ एकच शस्त्र असतें. तें म्हणजे झाडावर चढविणारा पंख. तो आपण काढून घेतला, तर तिच्या रक्षणाचा भार आपल्या शिरावर आला. दिवसा उघड्यावर फिरणाऱ्या कोंबडीचा पंख कातरूं नये. आणि ज्यानें कातरला, त्यानें बंदिस्त आवार आणि रात्रीं कडीबंद खुराडा दिलाच पाहिजे.

कुंपणाचा आणखी एक उपयोग आहे. शेजारच्या कोंबड्यांत मिसळून आलेली कोंबडी मानमोडीचा रोग घरीं आणूं शकते. २००६ सालच्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लूची भारतांतील पहिली साथ आली, तेव्हां पक्ष्यांच्या मोकळ्या संचाराचा धाक साऱ्या महाराष्ट्रास बसला. मानमोडीची लस मिळते, ती वेळेवर द्यावी. पण लसीच्या जोडीला कुंपणही हवें.

श्रोते हो, कोंबडी आपल्या स्वभावाप्रमाणें वागते, आणि शेजारी आपल्या भाजीवर माया करतो; दोघांचाही दोष नाहीं. या दोहोंच्या मध्यें उभें राहणें हें पाळणाऱ्याचें काम आहे. कुंपण त्यानें बांधावें, दाणा त्यानें घालावा, आणि वाफा उकरला गेलाच, तर चार अंडीं घेऊन शेजाऱ्याच्या दारीं त्यानेंच आधीं जावें.