कोर्टाची पायरी आणि आपल्या मुली
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की मुली आम्हा शिक्षकांना भेटायला येतात. कुणाला डी.एड. करायचे असते, कुणाला नर्सिंग. एखादी हळूच म्हणते, "सर, मला वकील व्हायचंय." तेव्हा उत्तर मात्र बहुधा शेजारी बसलेले वडील देतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण सर्वांना पाठ आहे. ती म्हण पक्षकारासाठी आहे, वकिलासाठी नव्हे, एवढे मी नम्रपणे सांगतो. पण बैठक तिथेच संपते. म्हणून आज याच विषयावर बोलायचे ठरवले आहे.

भारतात स्त्रियांच्या वकिलीची वाट ज्यांनी पाडली, त्या कॉर्नेलिया सोराबजी आपल्या पुण्यात शिकल्या. जन्म 1866 चा, नाशिकचा. वडील पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिनाबाई यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढले, आणि इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती व उर्दू मुलांसाठीही शाळा चालवल्या. उर्दू शाळेचा हा धागा आपण लक्षात ठेवण्यासारखा आहे. थोरल्या मुलींना मुंबई विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून वडिलांनी खटपट केली, ती फळली नाही. पुढे दार उघडले आणि कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात दाखल झाल्या. सगळ्या मुलांत एकटी मुलगी! वर्गाचे दार तोंडावर बंद करण्यापर्यंत मुलांची मजल जाई. त्या पहिल्या वर्गात बी.ए. झाल्या. विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळण्याइतके गुण होते, पण शिष्यवृत्ती मुलांसाठी, म्हणून नाकारली गेली. मग विलायतेतल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. 1892 साली कॉर्नेलियाबाईंनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली; पदवी मात्र हातात पडायला 1922 साल उजाडले, कारण परीक्षा दिली त्या काळी ते विद्यापीठ बायकांना पदवीच देत नसे.

परत आल्यावरची गोष्ट अधिक महत्त्वाची. फौजदारी कायद्यात एक सवलत होती: कोर्टाची परवानगी असेल तर आरोपीच्या वतीने वकील नसलेली व्यक्तीही उभी राहू शकते. त्या आधाराने 1896 साली पुण्याच्या कोर्टात, खुनाच्या खटल्यात, कॉर्नेलियाबाई आरोपीच्या बाजूने उभ्या राहिल्या. वकील म्हणून नव्हे, परवानगी मिळालेली एक व्यक्ती म्हणून. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबईची एल.एल.बी. केली, 1899 साली अलाहाबाद हायकोर्टाची परीक्षा दिली, आणि तरीही सनद नाही. स्त्री म्हणून.

संस्थानांच्या दरबारात त्यांना बोलता येई, पण तिथली तऱ्हा वेगळी. एका संस्थानात त्यांचा पक्षकार चक्क एक हत्ती होता. राजेसाहेबांनी निकाल बाईंच्या बाजूने दिला. कारण काय, तर आपल्या कुत्र्याला त्या आवडल्या! आपण हसतो. परंतु रात्र जागून मुद्दे काढून आलेल्या वकिलाला, मुद्दे ऐकून न घेताच तुम्ही जिंकलात म्हणून सांगणे, हाही एक अपमानच आहे.

आता पालकांनी, विशेषतः आयांनी, इकडे लक्ष द्यावे. 1904 पासून 1922 पर्यंत कॉर्नेलियाबाई बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम या मुलखात पडदानशीन स्त्रियांचे काम पाहत होत्या. या बायका मोठ्या घरच्या होत्या, त्यांच्या नावावर जमीनजुमला होता. पण परक्या पुरुषासमोर यायचे नाही, मग वकिलाला सांगायचे कसे? मध्ये कारभारी, दीर, मुनीम. कागदावर काय लिहिले आहे हे पडद्याआड कळायचे नाही. अंगठा मात्र घेतला जायचा. सुमारे सहाशे स्त्रिया आणि मुलांची कामे बाईंनी हाताळली, पालखीतून, होडीतून प्रवास करून. आपल्या शरीयतने मुलीला वारसाहक्क दिला, मेहर दिला. पण तो मागायला तोंड लागते, आणि स्त्रीला ते बोलणे स्त्रीजवळच सोपे जाते. जे लोक मला विचारतात की "मुलीने वकील कशाला व्हायचे?", त्यांच्याच घरातली बहीण किंवा मुलगी उद्या तलाक, पोटगी किंवा हिश्श्यासाठी वकील शोधू लागली, तर ती बाईवकीलच शोधेल.

बाईंचे सगळेच पटण्यासारखे होते असे नाही. त्या इंग्रजी राज्याच्या बाजूच्या, गांधीजींच्या चळवळीच्या विरोधात. देश स्वातंत्र्याकडे निघालेला असताना त्यांना ते दिसले नाही, असे माझे मत आहे. लग्न केले नाही. 1921 मध्ये अलाहाबादने सनद दिली, 1923 च्या कायद्याने सर्वच स्त्रियांना वकिली खुली झाली. पण कलकत्त्याला प्रत्यक्ष युक्तिवादाची कामे थोडी आणि लेखी सल्ल्याची जास्त मिळत. वय साठीकडे झुकले होते. 1954 साली लंडनला त्या वारल्या.

दुसरे उदाहरण आपल्याच समाजातले. केरळच्या एम. फातिमा बीबी, जन्म 1927. त्यांचा ओढा रसायनशास्त्राकडे होता. कायदा शीक, असे सांगितले ते वडिलांनी! 1950 साली बार कौन्सिलच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि कोल्लमच्या खालच्या कोर्टांत वकिली करू लागल्या. मग मुन्सिफ, सेशन्स जज्ज, हायकोर्ट, आणि 1989 साली सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती. 2023 मध्ये त्यांचे निधन झाले.

हे काम सोपे आहे असे मी म्हणणार नाही. शिवाजीनगरच्या कोर्टात एक दिवस जाऊन बसा. बोर्डावर नाव पुकारले जाईपर्यंत थांबायचे, साक्षीदार आला नाही की पुढची तारीख. उलटतपासणीत एक प्रश्न जास्त विचारला तर हातातली केस जाते, म्हणून घरी संध्याकाळी कागद वाचत बसावे लागते. पहिली काही वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली, कमाई बेताची. त्यात संसार असेल तर घरच्यांनी चूल वाटून घ्यावी लागते. मुलीचे सासर पाहताना हेही पाहावे.

बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा असे दोन मार्ग आहेत. दोन्हींना प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. आपल्या शहरात 1924 पासूनचे आय.एल.एस. लॉ कॉलेज आहे, इतरही कॉलेजे आहेत. प्रवेशपरीक्षेचे अर्ज, फी-सवलत आणि शिष्यवृत्तीचे कागद यांबद्दल विचारायचे असेल त्या मुलींनी शनिवारी शाळा सुटल्यावर मला भेटावे. वडिलांना बरोबर आणावे.