अनुवाद आणि न्याय : स्पॅनिश शब्दांची इंग्रजीकडे वाटचाल



अनुवाद म्हटला की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांसमोर ग्रंथ उभे राहतात. सर्व्हांटिसची कादंबरी, नेरूदाची कविता, मार्केसचे कथाविश्व आणि ते इंग्रजीत आणणारे व्यासंगी अनुवादक. ते कार्य थोर आहे, यात शंका नाही. परंतु स्पॅनिश शब्दांना इंग्रजी अर्थ देण्याचे काम दररोज जेथे अखंड चालू असते, ती ठिकाणे निराळी आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रुग्णालये, न्यायालये, शेतमळे आणि कारखाने ही ती ठिकाणे होत. त्या देशात घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या चार कोटींहून अधिक आहे. त्यांतील अनेकांना इंग्रजी उत्तम येते. पण लक्षावधींना ती पुरेशी येत नाही. आणि डॉक्टरांची टिपणे, आरोपपत्र, न्यायाधीशाचा निकाल हे सारे इंग्रजीत चालते. अशा ठिकाणी शब्दाचा अर्थ लावणे हा न्यायाचा प्रश्न बनतो.

१९८० साली फ्लोरिडा राज्यात घडलेली एक घटना या संदर्भात वारंवार सांगितली जाते, आणि ती सांगितली जाणे योग्यच आहे. अठरा वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणण्यात आले. कुटुंब क्यूबाहून आलेले. मुलाला काय झाले हे सांगताना घरच्यांनी 'इन्तोक्सिकादो' हा शब्द वापरला. क्यूबातील बोलीत त्याचा अर्थ असा की, खाण्यापिण्यातून काही बाधले आहे. इंग्रजीत याच्याशी जुळणारा 'इन्टॉक्सिकेटेड' हा शब्द आहे. त्याचा अर्थ नशेत असलेला. ऐकणाऱ्यांनी इंग्रजी अर्थ घेतला, तरुणाने अमली पदार्थांचे अतिसेवन केले असावे असे ठरले, आणि उपचार त्या दिशेने सुरू झाले. वस्तुतः त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो ध्यानात येईपर्यंत दोन दिवसांहून अधिक काळ लोटला. तरुण वाचला, पण त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे नुकसानभरपाईची जी तडजोड झाली, तिची रक्कम त्याच्या हयातभराचा हिशेब धरता सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर्स होईल असे मानले गेले.

या घटनेतील बोध नीट समजून घेतला पाहिजे. येथे कोणी कोणाशी वैर धरले नव्हते. शब्दकोशाचाही अभाव नव्हता. दुभाषी बोलावला गेला नाही, कारण त्याची गरजच कोणाला वाटली नाही. दोन्ही बाजूंना आपले बोलणे एकमेकांस कळले आहे असे वाटत होते. अनोळखी शब्द माणसाला थांबवतो, विचारायला लावतो. ओळखीचा भासणारा शब्द मात्र बिनदिक्कत आत येतो आणि फसवतो. लॅटिनचा वारसा दोन्ही भाषांनी उचलल्यामुळे स्पॅनिश आणि इंग्रजी यांच्यात असे फसवे सोयरे शेकड्यांनी आहेत. 'एम्बारासादा' ही स्पॅनिशमध्ये गरोदर स्त्री. इंग्रजीत तसाच दिसणारा शब्द ओशाळलेल्या माणसाला लागू पडतो. 'कोन्स्तिपादो' म्हणजे स्पेनमधील बोलीत सर्दीने नाक चोंदलेला. इंग्रजीत त्याच चेहऱ्याचा शब्द बद्धकोष्ठ सांगतो. वर्गात यावर हशा पिकतो. दवाखान्यात तो पिकत नाही.

औषधाच्या बाटलीवरील सूचनेचेही असेच आहे. 'दिवसातून एकदा' हे सांगताना इंग्रजीत जो चार अक्षरांचा 'वन्स' लिहितात, त्याच चार अक्षरांचा स्पॅनिशमधील उच्चार 'ओन्से' आणि अर्थ अकरा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील औषधांच्या दुकानांत यंत्राच्या साह्याने स्पॅनिशमध्ये छापल्या जाणाऱ्या सूचनांची एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्या सूचनांपैकी सुमारे निम्म्यांत दोष आढळले. अर्धी सूचना स्पॅनिश आणि अर्धी इंग्रजी असेही प्रकार होते, आणि त्यांत हा 'वन्स' तसाच राहून गेलेला होता. एक गोळी आणि अकरा गोळ्या यांतील अंतर यंत्राला कळत नाही, रोग्याच्या देहाला कळते. यंत्र आणले म्हणून माणसाची जबाबदारी संपत नाही, हे येथे लक्षात येते.

रुग्णालयातून न्यायालयात जावे. न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवरील शेतात राबणाऱ्या एका प्वेर्तो रिकन मजुरावर खुनाचा खटला चालला. त्याला इंग्रजी येत नव्हते, त्याच्या वकिलाला स्पॅनिश येत नव्हते. दुभाषी होती, ती सरकार पक्षाने नेमलेली. आणि साक्षीदार इंग्रजीत काय बोलले याचा गोषवारा तिने मधल्या सुट्टीत दहा-वीस मिनिटे त्याला दिला, एवढेच. ज्या शब्दांवर आपले आयुष्य टांगले आहे ते शब्द आरोपीने ऐकले, पण त्याला ते कळले नाहीत. १९७० साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने हा खटला न्याय्य नव्हता असा निर्णय दिला. देहाने हजर असलेला आरोपी अर्थाने गैरहजर असेल, तर त्याचा बचावाचा हक्क पोकळ ठरतो, हे तत्त्व त्यातून पुढे आले. १९७८ साली अमेरिकी काँग्रेसने न्यायालयीन दुभाष्यांचा कायदा केला आणि संघराज्याच्या न्यायालयांत परीक्षा उत्तीर्ण झालेल्या दुभाष्यांची व्यवस्था झाली.

पण मिळालेला हक्क कायमचा मिळाला असे इतिहासात क्वचितच घडते. १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा विस्तीर्ण प्रदेश संयुक्त संस्थानांकडे गेला. १८४९ च्या कॅलिफोर्नियाच्या संविधानाने कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले होते. १८७९ च्या नव्या संविधानात ते उरले नाही. म्हणजे ज्यांनी सीमा ओलांडली नव्हती, ज्यांना सीमेनेच ओलांडले होते, ते आपल्याच गावात तीस वर्षांत परभाषक ठरले. आपल्या काळातही तेच वळण दिसते. सरकारी सेवा इंग्रजी न जाणणाऱ्यांना त्यांच्या भाषेत पोहोचाव्यात असा आदेश राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी २००० साली काढला होता. १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा असल्याचे घोषित करणाऱ्या आदेशाने तो रद्द केला. एका सहीने आले ते दुसऱ्या सहीने गेले.

आता श्रमाच्या शब्दांकडे वळावे. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतील शेतमजुरांना कराराने अमेरिकी शेतांवर आणण्याची योजना चालू होती. या काळात चाळीस लाखांहून अधिक करार झाले. या मजुरांना म्हणत 'ब्रासेरो'. 'ब्रासो' म्हणजे बाहू; ब्रासेरो म्हणजे बाहूंवर जगणारा. इंग्रजीत शेतमजुराला 'हँड' म्हणण्याची जुनी रीत आहेच. दोन्ही भाषांनी माणसाचा एक अवयव तेवढा उचलला आणि उरलेला माणूस सोडून दिला! हे साम्य योगायोगाचे नाही. ज्याला श्रम विकत घ्यायचे असतात त्याला हात पुरेसे असतात. पोट, पाठ आणि कुटुंब हे त्याच्या हिशेबात जादा असते. योजनेच्या पहिल्या वर्षांत या मजुरांच्या मजुरीतून दहा टक्के रक्कम बचतीच्या नावाखाली कापली जाई. अनेकांना ती कधीच परत मिळाली नाही. वृद्ध झालेल्या ब्रासेरोंना त्यासाठी एकविसाव्या शतकात न्यायालयाची पायरी चढावी लागली.

कॅलिफोर्नियातील मळ्यांत लेट्यूसची विरळणी करण्यासाठी आखूड दांड्याची कुदळ मजुरांच्या हाती देत. इंग्रजी नाव अवजाराच्या मापापुरते बोलत होते. मजूर तिला 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे 'आखुडका'. शब्द लाडका वाटतो, पण त्यात कडवटपणा भरलेला आहे. ही कुदळ वापरायची तर दिवसभर कमरेत दुमडून राहावे लागे, आणि ताठ उभा राहिलेला मजूर मुकादमाला दुरून दिसे. मालकांच्या मते कुदळ अचूक कामाची होती, मजुरांच्या मते ती पाठ मोडणारी होती. १९७५ साली तिच्यावर बंदी आली. अर्थकोशात दोन्ही नावांचे अवजार एकच. अनुभवाच्या कोशात ती दोन अवजारे होती.

उसन्या घेतलेल्या शब्दांचे काय होते, हे 'पेओन' या शब्दावरून दिसते. मूळ अर्थ पायी चालणारा सैनिक. स्पॅनिश अमेरिकेत तो कर्जाने जखडलेल्या मजुराचे नाव झाला, आणि न्यू मेक्सिकोतील ही वेठ बंद करण्यासाठी अमेरिकी काँग्रेसला १८६७ साली कायदा करावा लागला. त्याच शब्दाचे पोर्तुगीज भावंड हिंदुस्थानात उतरले आणि कचेरीतला 'प्यून' झाले. मराठीने त्याला प्रतिशब्द दिला तो 'शिपाई', आणि शिपाईही मूळचा सैनिकच! दोन खंडांत दोन शब्द एकाच उतारावरून घसरले. शस्त्र घेऊन चालणारा अखेर कागद घेऊन चालू लागला किंवा कर्ज डोक्यावर घेऊन राबू लागला.

याउलट एक शब्द असा आहे की ज्याने इंग्रजीलाच वाकवले. १९७६ ते १९८३ या काळात अर्जेंटिनात लष्करी राजवट होती. हजारो माणसे उचलून नेली गेली आणि परतली नाहीत. ३० एप्रिल १९७७ रोजी काही माता ब्वेनोस आयरेसच्या प्लासा दे मायो या चौकात जमल्या आणि 'आमची मुले कोठे आहेत?' एवढेच विचारू लागल्या. त्या मुलांना नाव पडले 'देसापारेसिदो'. १९८४ च्या चौकशी अहवालाने जवळजवळ ९ हजार प्रकरणांची नोंद केली. मानवी हक्क संघटना हा आकडा ३० हजार सांगतात. इंग्रजीत 'डिसअपिअर' हे क्रियापद अकर्मक आहे. माणूस आपण होऊन नाहीसा होतो, त्याला कोणी नाहीसा करीत नाही. लष्करशहांना हेच व्याकरण सोयीचे होते. स्पॅनिशचे क्रियापदही तसेच अकर्मक होते. पण लोकांनी ते सकर्मक करून वापरले आणि इंग्रजीलाही त्यामागून जावे लागले. कर्ता लपवणाऱ्या क्रियापदाला कर्ता सांगायला लावणे ही त्या मातांची आणि त्यांच्यासोबत लढणाऱ्यांची कामगिरी होय. २००६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने या गुन्ह्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार संमत केला, तेव्हा त्याच्या इंग्रजी नावात बळजबरीचे विशेषण जोडावे लागले. मराठीत 'नाहीसा झाला' आणि 'नाहीसा केला' हा भेद सहज होतो. तो सहज होतो म्हणून तो प्रत्येक वेळी केला जातोच असे मात्र नाही.

व्याकरणाचा आणखी एक दाखला. १९७२ साली ॲरिझोनात शेतमजुरांच्या संपावर आणि बहिष्कारावर निर्बंध घालणारा कायदा झाला. त्याविरुद्ध लढणे येथे शक्य नाही, असे स्थानिक कार्यकर्ते म्हणू लागले. तेव्हा दोलोरेस ह्वेर्ता यांनी उत्तर दिले, 'सी, से पुएदे'. याचा मराठी अनुवाद एका श्वासात होतो : 'होय, करता येते.' येथे कर्ता नाही. कोण करील हे सांगितलेले नाही. अशक्य म्हटलेले शक्य आहे, एवढेच ठामपणे म्हटले आहे. इंग्रजीला कर्त्यावाचून चालत नाही, म्हणून ते झाले 'येस, वी कॅन'. 'आम्ही' आत आले. या 'आम्ही'मुळे घोषणेला बळ आले हे खरे. पण जो बोलेल त्याचे ते 'आम्ही' झाले. २००८ साली ते राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात गाजले, आणि २०१२ साली ह्वेर्ता यांना सन्मानपदक देताना ओबामा यांनी ही घोषणा आपण त्यांच्याकडून चोरल्याचे विनोदाने कबूल केले. मळ्यातले वाक्य प्रासादात पोहोचले. ज्यांनी ते प्रथम उच्चारले त्यांची मजुरीही तेवढीच वर चढली काय, हा प्रश्न विनोदाने सुटणारा नाही.

मित्रहो, या सर्वांतून निघणारा निष्कर्ष साधा आहे. दोन भाषांमधील अंतर कोणीतरी चालून जावेच लागते. प्रश्न एवढाच की, ते कोणी चालायचे? आजवर ते बहुधा दुर्बलाने चालले आहे. रुग्णालयात आईचा आजार डॉक्टरला समजावून सांगणारी दहा-बारा वर्षांची मुले ही त्याची खूण आहे. २०१६ साली अमेरिकेच्या आरोग्य खात्याने नियम केला की, आणीबाणीचा प्रसंग वगळता अज्ञान मुलांना दुभाषी म्हणून राबवू नये. नियम करावा लागला यातच सर्व आले. दुभाषी ही दया नव्हे. पाणी आणि रस्ता यांसारखी ती सार्वजनिक सोय आहे, तिचा खर्च समाजाने उचलला पाहिजे. भारतीय संविधानाच्या ३४८ व्या कलमान्वये उच्च न्यायालयांचे कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालते. तेव्हा आपल्याच खटल्याचा निकाल दुसऱ्याकडून समजावून घेणाऱ्या मराठी शेतकऱ्याला हा प्रश्न परदेशातला वाटण्याचे कारण नाही.

इंग्रजीतील 'कॉम्रेड' हा शब्द, जो मराठी कामगारानेही आपलासा केला, तो मुळात स्पॅनिश 'कामारादा'पासून फ्रेंचमार्गे आलेला आहे. 'कामारा' म्हणजे खोली. एका खोलीत राहणारे ते कामारादा. स्पॅनिशभाषक कष्टकऱ्यांच्या तोंडी मात्र 'कोम्पान्येरो' हा शब्द अधिक रुळला. त्याच्या मुळाशी भाकरी आहे. एका भाकरीत वाटेकरी असलेले ते कोम्पान्येरो. इंग्रजीत त्याच मुळाचा 'कंपॅनियन' आहे, पण त्यातली भाकरी केव्हाच संपली आहे. एका शब्दात छप्पर आहे, दुसऱ्यात अन्न आहे. चांगल्या अनुवादकाने शब्दातून पलीकडे न्यायचे ते हेच. आणि ज्यांच्या वाट्याला दोन्ही आलेले नाहीत, त्यांचे म्हणणे त्यांच्याच अर्थाने ऐकले जाईल अशी व्यवस्था उभारणे, हे काम अनुवादकाच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही.