रस्त्याच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब



खड्डा पडल्यावर काय करायचे, हे आपणा अभियंत्यांना पाठ आहे. मला आज त्याआधीच्या वर्षांबद्दल बोलायचे आहे. रस्ता केव्हा आणि कशाने खालावेल, हे बऱ्याच अंशी आधी सांगता येते, आणि ते सांगणे आपलेच काम आहे.

या शास्त्राचा पाया अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ घातला गेला. १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर लष्करी चालकांनी रात्रंदिवस ट्रक फिरवले. अ‍ॅक्सलच्या फेऱ्या अकरा लाखांवर गेल्या. त्यातून निघालेला चौथ्या घाताचा नियम आपण रोज वापरतो : भार दुप्पट, तर हानी सुमारे सोळापट. २०१८ साली आपल्याकडे चार टायरांच्या एका अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. भार वाढला तेरा टक्क्यांच्या आतबाहेर, पण या नियमाने हानी साठ टक्क्यांहून जास्त वाढते. जुन्या रस्त्यांची जाडी मात्र आधीच ठरून गेलेली होती.

ओटावाला माती एकाच प्रकारची होती आणि अवधी दोनच वर्षांचा. दहा उन्हाळे सोसलेले डांबर कसे ठिसूळ होते, हे तिथे दिसणे शक्यच नव्हते. पुढे ब्राझील आणि केनियातल्या निरीक्षणांचा आधार घेऊन रस्ता कसा खालावेल याचे भाकीत करणारी जागतिक बँकेची एचडीएम प्रणाली उभी राहिली. ती रस्त्याचे वय धरते, आणि स्थानिक गुणक बसवायची सोयही देते. आपण पुष्कळदा तो गुणक ‘एक’ ठेवून मोकळे होतो. हे मला मान्य नाही.

स्थानिक परिस्थिती मोजायचे एक साधन, बेंकेलमन बीम, आपल्या ओळखीचे आहे. ट्रकच्या मागच्या जोडचाकांच्या फटीत दांड्याचे टोक ठेवायचे, ट्रक सावकाश पुढे काढायचा आणि डायल वाचायचा. भार सरकला की दबलेला पृष्ठभाग वर येतो. तो किती मिलिमीटर उसळला, यावरून खालच्या थरांची ताकद कळते. मराठवाड्यातल्या काळ्या मातीवरच्या रस्त्यावर हे मे महिन्यात मोजा, मग पाऊस ओसरताना मोजा. तापमानाची दुरुस्ती केल्यावरही आकडा बदललेला दिसतो. गटार बुजलेले, साइडपट्टी डांबरापेक्षा उंच, मग पाणी कडेने आणि भेगांतून आत उतरते. माती फुगते, मऊ पडते. फक्त मेचा आकडा धरून केलेले भाकीत पहिल्याच मोठ्या पावसात चुकते.

आपल्या मापपुस्तकात खडीचा घनमीटर नेमका सापडतो, कारण त्यावर देयक निघते. त्याच साखळी क्रमांकावर चार वर्षांनी किती भागाला भेगा होत्या, हे सहसा सापडत नाही. दोष दायित्व कालावधी संपला की पाहणीही संपते. अशा अभ्यासाचा आग्रह नवा नाही : बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या समितीने १९२०च्या दशकातच रस्ते-संशोधनाची गरज मांडली होती. त्या समितीच्या शिफारशीतूनच १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली.

म्हणून माझी विनंती आहे. प्रत्येक उपविभागाने एक किलोमीटर निवडावा. दरवर्षी मेमध्ये आणि पाऊस ओसरताना, त्याच साखळी क्रमांकांवर भेगा, चाकोऱ्या, खडबडीतपणा आणि उसळी मोजावी. दुरुस्ती केली तर तारीख लिहावी. बदली झाली तर ही वही पुढच्या अभियंत्याच्या हाती सही घेऊन सोपवावी. या मे महिन्यातच सुरुवात करा.